टायवाल्यांच्या निवृत्तीनंतर केलेली खुर्च्यांची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर पूर्ण, धंदा सोफे आणि खुर्च्या भरून देणे, आज चष्मा लावून, पोटभर नाश्ता करून आणि पाठीमागे उभे राहून सुचवणारे कोणीही नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. स्वभावाचे काय, ते या कागदात विचारलेले नाही. यापूर्वी मी एक मृत्युपत्र रागाच्या भरात बिलाच्या पाठीवर लिहिले होते. ते कोणाला सापडल्यास रद्द समजावे आणि वाचू नये.

कलम १. हे आताच का.

कारणे दोन. पहिले, येत्या बुधवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सगळे समजावले. मी म्हटले, "कळलं. जुनं काढायचं, नवं बसवायचं आणि टाका दिसता कामा नये." ते म्हणाले, "आजी, टाका दिसणार." तेव्हापासून मला त्यांच्या कामाबद्दल शंका आहे. ऑपरेशनची गोष्ट मी घरी कोणाला सांगितलेली नाही. घरी म्हणजे वरच्या मजल्यावर. तिथे माझी धाकटी बहीण राहते आणि आम्ही अकरा वर्षे एकमेकींशी बोलत नाही.

दुसरे कारण, टायवाले निवृत्त झाले. रात्री झोपण्याआधी टीव्हीवर जो गप्पांचा कार्यक्रम लागायचा, तो चालवणारे गृहस्थ म्हणजे टायवाले. त्यांचा टाय कधी सरळ नसायचा, म्हणून आमच्या वडिलांनी त्यांना हे नाव दिले. वडील गेले, नाव राहिले. एकतीस वर्षे हा माणूस रोज येऊन बसला, पाहुण्यांना बोलते केले, राजकारण्यांची टोपी उडवली आणि गेल्या महिन्यात टेबलावरचा दिवा स्वतःच्या हाताने बंद करून गेला. मी डोळे पुसले. हे इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या दिवशी दुकानात मी ते नाकबूल केले होते.

कलम २. दुकानातली मंडळी.

माझ्या दुकानात सकाळी दोन माणसे येऊन बसतात. एक औषधवाले, त्यांचे दुकान शेजारी आहे. दुसरे मास्तर, निवृत्त. दुरुस्तीला आलेल्या ज्या खुर्च्या रिकाम्या असतील त्यांवर बसून आदल्या रात्रीच्या कार्यक्रमाची चिरफाड करायची, हा आमचा वर्षानुवर्षांचा उद्योग. शेवटच्या भागानंतरच्या सकाळी दोघे येऊन बसले. मग औषधवाले म्हणाले, "एकतीस वर्षं ह्या माणसाने मला झोपवलं. आता मी काय माझ्याच दुकानातल्या गोळ्या घेऊ?"

मास्तर म्हणाले, "तसा काही तो फार ग्रेट नव्हता. विनोद तेच तेच. पाहुण्याला मध्येच तोडायचा."

"मग?"

"पण रोज होता," मास्तर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

औषधवाल्यांना माझ्या पश्चात दुकानातले तीन पायांचे स्टूल द्यावे. त्यांनी ते बारा वर्षे बसून स्वतःचेच केलेले आहे, मी फक्त कागदोपत्री करते. टीव्हीही त्यांनीच न्यावा. मास्तरांना काही ठेवलेले नाही, कारण त्यांना साक्षीदार व्हायचे आहे. माझ्या वकिलीणबाईंनी बजावले आहे की ज्याला काही मिळणार असेल त्याची साक्ष चालत नाही. हा नियम ऐकला आणि मला एक कल्पना सुचली. ती पुढे येईल.

कलम ३. अवजारे.

लांब कात्री, दोन वाकड्या सुया, बैठकीची नवार ताणायची फळी आणि लोहचुंबकाची हातोडी, ही सारी वडिलांची. ती समोरच्या सोफेवाल्याला द्यावीत. होय, त्यालाच. त्याने माझी तीन मोठी गिऱ्हाइके पळवली आणि माझ्या कामाला "जुन्या वळणाचं" म्हणाला. अट एकच. हातोडी घेतल्यावर त्याने आपले टाचण्या मारायचे पिस्तूल कपाटात ठेवावे. न ठेवल्यास मास्तरांनी दर सोमवारी जाऊन त्याच्या दारात उभे राहावे. मास्तरांना उभे राहायची सवय आहे, आणि ती मीच लावली आहे. कशी, ते पुढच्या कलमात.

कलम ४. पत्र.

टायवाले दर गुरुवारी प्रेक्षकांचे एक पत्र वाचत. अकरा वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी त्यांनी पत्र उघडले आणि वाचायला सुरुवात केली: "माझी मोठी बहीण खुर्च्या दुरुस्त करते." मी हातातली शिलाई खाली ठेवली. पत्रात लिहिले होते की ही बहीण प्रत्येक खुर्ची गिऱ्हाइकाला देण्याआधी तिच्यावर तीनदा उसळून बसते. पहिल्यांदा गंभीरपणे, दुसऱ्यांदा डोळे मिटून, आणि तिसऱ्यांदा बसताना "हं" म्हणते. ही सवय आता सगळीकडे चालते. एकदा बँकेत मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये ती तीनदा उसळली आणि म्हणाली, "साहेब, हिची डावी स्प्रिंग गेली."

यातला शब्दन् शब्द खरा आहे. स्प्रिंगही गेलेलीच होती.

मग टायवाले उठले आणि आपल्या खुर्चीवर तीनदा उसळून बसले. तिसऱ्यांदा त्यांनी "हं" म्हटले. समोरचे लोक हसून हसून वाकले आणि माझ्या डोक्यावर वरच्या मजल्यावरून धाकटीचे हसू ऐकू आले. तिचे हसू मी कुठेही ओळखीन. आधी नाकातून फुर्र, मग जमिनीवर दोनदा टाच. मी टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी दूधवाला मला पाहून "हं" म्हणाला. पोस्टमनही म्हणाला. एक गिऱ्हाईक तर नुसते बघायला आले. मी आतल्या जिन्याच्या तळाशी उभी राहून वर ओरडले, "मी काय तमाशा आहे का गं?"

ती धावत खाली आली. "अगं ताई, तू पूर्ण ऐकलंस तरी का?"

"ऐकलं तेवढं पुष्कळ झालं."

"मी तुला दुखवायला लिहिलं नाही गं, शेवटपर्यंत..."

मी जिन्याचे दार लावले. मग आतल्या बाजूने सव्वीस खिळे ठोकले. सोफ्याची पाठ बंद करताना ठोकतो तसेच, सारख्या अंतरावर. तेव्हापासून ती बाहेरच्या जिन्याने ये-जा करते. दुकानात मी नियम केला की जो कोणी या विषयावर बोलेल त्याला बसायला खुर्ची मिळणार नाही. मास्तरांनी एकदा तोंड उघडले, "बाई, त्या पत्राचा शेवट..." एवढेच म्हणाले. मी त्यांना आठ दिवस उभे ठेवले. नंतर त्यांनी प्रयत्न सोडला आणि औषधवाल्यांनी तर केलाच नाही, त्यांच्या गुडघ्यांना उभे राहणे सोसत नाही.

कलम ५. वरच्या मजल्यावरचे हसू.

अबोला धरला तरी कार्यक्रम मी सोडला नाही आणि तिनेही सोडला नाही. फुर्र आणि दोन टाचा रोज ऐकू यायच्या. मी टीव्हीकडे कमी आणि छताकडे जास्त लक्ष द्यायला लागले. एका थंडीत आठवडाभर नुसते खोकणे ऐकू आले, तेव्हा मी औषधवाल्यांकडून खोकल्याचे औषध वर पाठवले आणि बाटली चुकून आली असे सांगायला लावले. नवव्या दिवशी फुर्र आले आणि मी निवांत झोपले. माझेही हसणे तिला वर ऐकू जात असणार. मी मुद्दाम मोठ्याने हसायचे. टायवाले म्हणजे आमच्या दोघींमधला निरोप्या होता, आणि त्याला या कामाचा पगार मिळत नव्हता.

आता कार्यक्रम नाही. त्या जागी बातम्या लागतात. बातम्यांना ती हसत नाही. महिना झाला, वरून एक आवाज नाही. ती बरी आहे की नाही हे कळायला मला रस्ता उरलेला नाही, आणि बुधवारी मी टेबलावर झोपणार. मला भीती वाटते. झडपेची वाटते तेवढीच याचीही वाटते.

कलम ६. माझा स्वतःचा सोफा.

हा सोफा कोणालाही देऊ नये. तो मोडीत काढावा. त्याच्या बैठकीला एक फट आहे, ती शिवायची सात वर्षे राहून गेली. दुसऱ्यांचे सोफे भरणाऱ्या बाईच्या घरी ही अवस्था आहे, हे समोरच्या सोफेवाल्याला कळता कामा नये.

मात्र त्या फटीचे माझ्यावर उपकार आहेत. टायवाल्यांनी निरोपाच्या आठवड्यात आपली आवडती पत्रे पुन्हा वाचली. गुरुवारी सुरुवात झाली, "माझी मोठी बहीण खुर्च्या दुरुस्त करते." मी रिमोट घ्यायला गेले तो हातातून निसटला आणि थेट त्या फटीत गेला. कोपरापर्यंत हात घातला, हाती दोन बटणे आणि एक खडू लागला. मी कंबर वाकवून धडपडत होते आणि पत्र पुढे चालले होते. उसळून झाले, "हं" झाले, लोकांचे हसणे थांबले. मग टायवाले बसले आणि त्यांनी उरलेले वाचले.

"मी लहान असताना शाळेत माझ्या खालची खुर्ची मोडली. सगळा वर्ग हसला. त्यानंतर मी कुठेही बसायला घाबरायचे. तेव्हापासून माझी बहीण मी बसायच्या आधी प्रत्येक खुर्चीवर स्वतः बसून पाहते. तिची ही सवय धंद्यातली नाही, माझ्यासाठी लागलेली आहे. तिला ते आठवत नसेल. तिने हं म्हटलं की मी बसते. आजवर पडले नाही."

टायवाल्यांनी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "ह्या मोठ्या बहिणीला कळवा, मला अशी एक खुर्ची हवी आहे."

हेच त्यांनी अकरा वर्षांपूर्वीही म्हटले होते. तेव्हा मी टीव्ही बंद केलेला होता.

मला खरेच आठवत नव्हते. आता आठवते. ती सात वर्षांची होती आणि मी चौदाची, आणि त्या शाळेतल्या सगळ्या खुर्च्यांवर मी मधल्या सुट्टीत बसून आले होते. मी मूर्खासारखी वागले. हे वाक्य मास्तरांनी दुरुस्त करू नये.

कलम ७. टायवाल्यांस.

चांगल्या तारेच्या स्प्रिंगा, चार नग, आणि मी लिहिलेली सूचनांची चिठ्ठी त्यांना पाठवावी. ते आपली खुर्ची घरी घेऊन गेले आहेत असे ऐकते. ती डावीकडून गेलेली आहे. त्यांच्या त्या उसळण्याने गेली असेल तर जबाबदारी निम्मी माझी. त्यांना कळवावे की ऑर्डर पोहोचायला उशीर झाला.

कलम ८. घर, बँकेतले जे असेल ते, आणि दार.

तळमजला, दुकान आणि बँकेत माझ्या नावावर जे निघेल ते धाकटीच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला. तिने दोन्ही मजल्यांवर येणे-जाणे कधी थांबवले नाही आणि एकीचे दुसरीला कधी सांगितले नाही, त्यामुळे तिचा मला जितका अभिमान आहे तितकाच रागही आहे.

माझ्या धाकट्या बहिणीला मी काहीही ठेवत नाही. एक खुर्ची नाही, एक उशी नाही, एक खिळा नाही. हे रागाने केलेले नाही. वकिलीणबाईंचा नियम वर लिहिला आहे. धाकटीला काही दिले तर ती साक्षीदार होऊ शकत नाही, आणि साक्षीदाराने माझ्या समोर, माझ्या खोलीत येऊन सही करावी लागते. वकिलीणबाई म्हणाल्या, "अहो, साक्षीला कोणीही चालेल. माझा कारकून देते." मी म्हटले, "मला कोणीही नको आहे."

भाचीमार्फत निरोप धाडला आहे: रविवारी अकरा वाजता सहीला ये, मिळणार काही नाही. ती आली तर तिने सही करण्याआधी हा कागद पहिल्यापासून वाचावा. आमच्यापैकी एकीने तरी काहीतरी शेवटपर्यंत वाचायला हवे.

आतल्या जिन्याच्या दाराचे सव्वीस खिळे मी काल काढले. त्यांची भोके बुजवू नयेत.

स्थळ: तळमजला, दुकानामागची खोली.
दिनांक: नऊ, रविवार, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटे.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिला, मास्तर: वरील सही माझ्या डोळ्यांदेखत झाली. मजकुरात सतरा दुरुस्त्या केल्या. कलम सहामधले सांगितलेले वाक्य होते तसे ठेवले, ते बरोबरच होते. (सही)

साक्षीदार दुसरी, धाकटी बहीण, राहणार वरचा मजला: मी आतल्या जिन्याने खाली आले. सगळे वाचले. वाचून होईपर्यंत उभी होते, कारण ताईने मला बसायला दिलेल्या खुर्चीवर आधी ती स्वतः बसली. तीनदा. तिसऱ्यांदा "हं" म्हणाली, मग मी बसले. ती पूर्ण शुद्धीवर आहे, याची साक्ष देते. बुधवारी दवाखान्यात तिच्याबरोबर मी जाणार आहे. तिथल्या खुर्च्यांवर आधी मी बसून पाहीन. (सही)