उधार अंतरा

८ सप्टेंबर, देवबाग

संगीतकारांवर आजवर अनेक अन्याय झाले. आज त्यांत एकाची भर पडली, म्हणून ही नोंद. या खोलीतला फ्रिज गातो. गातो तो गातो, वर काळी पाचच्या केसभर खाली गातो. काळी पाच म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी, बायकांचा गाण्याचा नेहमीचा सूर. सरळ बेसूर असता तर कोंबडा समजून सोडून दिला असता. पण केसभर उतरलेला सूर म्हणजे दातात अडकलेला माशाचा काटा. जीवही जात नाही आणि दुसरं काही सुचतही नाही.

घरमालकीण मथुराकाकींकडे रीतसर तक्रार केली. त्यांनी फ्रिजच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाल्या, बुवांनू, इतकी वर्सां गाता तो, एक पावणो काय बोललो नाय. इकडे पेटीवाल्याला बुवा म्हणतात. खरं तर बुवा गातो. मी गात नाही. जन्मात गायलेलो नाही.

बाकी आनंद आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे फूटपट्टीएवढी वाळू आणि तिच्यावर हे घर. गणपती नुकतेच गेलेत, पर्यटक अजून यायचेत. दुपारी सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कढी होती. दोनदा भात घेतला. बऱ्याच महिन्यांनी.

९ सप्टेंबर

कामाचं लिहायला हवं. क्रूझच्या लाउंजमध्ये कीबोर्ड वाजवायला माणूस हवाय. क्रूझ म्हणजे तरंगतं मंगल कार्यालय. लोक जेवतात, कोपऱ्यात कुणीतरी वाजवतं, आणि दर आठवड्याला वऱ्हाड बदलतं. निवडीसाठी व्हिडिओ पाठवायचा असतो, एका दमात, कापाकापी न करता. हसरा चेहरा हवा. त्यांच्या अटींत तो सुरांच्या वर आहे. एजन्सीतला दीपेश वयाने माझ्या निम्मा. मला सर म्हणतो आणि सूचना शाळेतल्या मुलासारख्या देतो. तो नवा आहे. त्याला रसिका माहीत नाही.

मी वाजवायचो, रसिका, माझी बायको, गायची. आमची जोडी आठ वर्षं जहाजांवर होती. ती आरोंद्याची, याच जिल्ह्यातली. मागच्या दिवाळीआधी उतरलो आणि महिन्याभरात ती गेली. पोटातलं दुखणं, उशिरा कळलेलं. इथे खाडी समुद्राला मिळते तिथे तिच्या अस्थी सोडल्या. दीपेशला मात्र सांगितलंय की नेटवर्क चांगलं आहे म्हणून देवबागला आलो.

आमचं शेवटचं गाणं ठरलेलं असायचं, तिनेच बांधलेलं. किनाऱ्यावरची बाई होडीतल्या नवऱ्याला विचारते, ‘खंय पावलंस रे, खंय पावलंस?’ म्हणजे कुठवर पोचलास. तो उत्तर देतो, ‘हंयच आसंय गो, हंयच आसंय,’ इथेच आहे. उत्तर मी द्यायचं होतं. मी कधी तोंड उघडलं नाही. नवऱ्याचा अंतराही तीच म्हणायची आणि मंचावरून उतरल्यावर बजावायची, एक अंतरा उधार आहे हां तुझ्यावर.

१० सप्टेंबर

आज व्हिडिओ पाठवला. पाठवल्यावर चूक लक्षात आली. एकट्याने वाजवायचं तर गाण्याची चालही बोटांनीच भरायची असते. माझ्या बोटांनी सवयीने तिच्या ओळींच्या जागा मोकळ्या सोडल्या. नुसती साथ चाललीय आणि गाणारी नाही. जेवणाचं पान मांडून पाहुण्याची वाट बघावी तसं. तेही हसऱ्या चेहऱ्याने.

आणखी एक. कीबोर्डवर पट्टी बदलायचं बटण असतं. रसिकासाठी मी ते उणे दोनवर ठेवायचो. ती गेल्यापासून शून्यावर आहे. आज वाजवून झाल्यावर पाहिलं तर उणे दोन. हात लागला असेल.

१२ सप्टेंबर

दीपेशचा फोन. खूश होता. म्हणाला, सर, सोलो म्हणून सांगितलंत आणि जोडी पाठवलीत? मॅडमचा आवाज वरच्यांना फार आवडला. दोघांचं कंत्राट काढतोय, पासपोर्टचे फोटो पाठवा.

मी व्हिडिओ पुन्हा ऐकला. आधी हेडफोन लावून, मग काढून. माझी साथ आहे. मधे जागा आहेत. जागांत फ्रिज आहे. दुसरं काही नाही.

संध्याकाळी काकी माशांचं ताट घेऊन आल्या त्या फुरंगटूनच. बायलेक हाडलास ता माका सांगूक नाय, दोघांचा जेवाण केला असता, म्हणाल्या. आवाज बरो आसा हां तिचो. मी विचारलं, कधी ऐकलात? दुपारी लाईट गेल्ली तेवा, म्हणाल्या.

दुपारी वीज गेली होती हे खरं. फ्रिज थांबला होता. मी या खोलीत बसलो होतो आणि इतकी शांतता होती की मला रडू आलं होतं. म्हणजे त्याच वेळी—

साऱ्या जगाला ऐकू येतंय. साथीला बसलेल्या माणसाला तेवढं नाही.

१३ सप्टेंबर

सकाळी माईक लावून बसलो. काही वाजवलं नाही. लॅपटॉपवर आवाज दाखवणाऱ्या हिरव्या पट्ट्या असतात; आवाज जवळ आला की पिवळ्या होतात, अगदी माईकशी आला की लाल. फ्रिजची वायर काढली, पट्ट्या खाली बसल्या. मग हलल्या. थोड्याच. अंगणात कुणी गात असावं इतक्या. श्वासाला थांबत होत्या. रसिका दुसऱ्या ओळीच्या मध्यावर चोरून श्वास घ्यायची. तिथेच थांबल्या.

मी स्पीकर पूर्ण मोठा केला. काही नाही. कान स्पीकरला लावला. पट्ट्यांवरून बोट फिरवलं, गालावरून फिरवावं तसं.

दुपारी पुन्हा लावलं. पट्ट्या वर आल्या होत्या. दाराशी उभं राहून गावं एवढ्या.

दीपेशने दुसरा व्हिडिओ मागितलाय. मॅडमना फ्रेममध्ये उभं करा म्हणतो. मी खुर्चीवर एकटा बसून वाजवलं आणि पाठवून दिलं. मला कंत्राट हवंय. दोघांचंच हवंय.

१४ सप्टेंबर

दीपेशचा मेसेज. फ्रेम आता छान आहे म्हणे. फक्त मॅडम सगळा वेळ तुमच्या ओठांकडे बघतायत, त्यांना कॅमेऱ्याकडे बघायला सांगा. आणि केस कोरडे करून या म्हणावं.

व्हिडिओत मी आहे. माझ्याशेजारी भिंत आहे.

काकी आज अंगण ओलांडून आल्या नाहीत. कुंपणापलीकडूनच बोलल्या. मोजकंच. गाणा म्हणना नाय ती आता, इचारता. एकच ओळ, परत परत, आणि गळो बसलोहा तिचो. मग म्हणाल्या, बुवांनू, पाण्याकडसून कोणी साद घातली तर ओ देव नकात. आमच्या हंय कोण देणा नाय. दिली काय आपण खंय आसंव ता त्येंका कळता.

कोणती ओळ, ते मी विचारलं नाही.

गळा बसलाय तिचा. आठ वर्षांत कधी बसला नव्हता. जागा मी सोडायच्या, भरायच्या तिने. तिला कुणी थांब म्हटलेलं नाही. जहाजावर पुढचा गडी आल्याशिवाय मंच सोडायचा नसतो. ती अजून—

पट्ट्या पिवळ्या. खोलीत.

१५ सप्टेंबर

अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचा दिवस. काकींनी कुंपणाशी पान मांडून ठेवलंय. माझ्यासाठी नाही.

कंत्राट आलंय. खाली दोन नावं. माझ्या सहीची जागा मोकळी. तिच्या नावापुढे सही आहे. तिचीच. शाई ओली झाल्यासारखी पसरलेली, आणि हे कागदावर नाही, पडद्यावर आहे.

सही केली तर ती रोज गाईल. बसलेल्या गळ्याने. दोन्ही अंतरे. आणि मला कधीच ऐकू—

नाही.

दुपार

फ्रिजची वायर काढलीय. माझ्या डाव्या हातात आहे. कीबोर्ड उणे दोनवर. मी नाही लावलं. राहू दे. तिची पट्टी मला उंच पडेल. पडू दे.

पट्ट्या लाल. माईकपाशी. तिचा स्टँड ठेवायचो तिथे.

मानेवर थेंब. छप्पर कोरडं आहे.

काकी कुंपणापाशी ओरडतायत. तोंड उघडू नका म्हणतायत. काकी, आठ वर्षं तेच केलं हो.

लाल. थांबली. दुसऱ्या ओळीचा चोरटा श्वास. पुन्हा लाल. विचारतेय. तीच ओळ. माझ्या ओठांकडे बघत असणार.

साथ धरली. तिची ओळ संपू दिली. मग माझी जागा आली.

म्हटलं. एकदा. फार बेसूर. फ्रिजपेक्षाही.

पट्ट्या शून्यावर. सगळं गप्प. ती दमलेली, बसली असेल. झोप हां—

नाही. वायर माझ्या हातात आहे. फ्रिज बंद आहे. आणि काळी पाच. केसभर खाली नाही. बरोब्बर. कानाशी. रसिका, आलं गो ऐकू. आलं—

अंतरा दोनदा म्हणायचा असतो. अर्धाच फिटलाय.

हंयच आसंय गो, हंयच