सात काजांचं पत्र

ता. १८ फेब्रुवारी

तुझ्या बापाने तुझं पत्र खाल्लं. सगळं नाही, निम्मं. निम्मं मला वाढलं आणि वर सांगितलं, संपलं.

चि. टाचणी हिला आजीचा आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा त्याच्या मर्जीने चालतो.

आता ऐक. तुझं पत्र आलं की आपल्या शिवणाच्या दुकानात जेवणाच्या सुट्टीत तुझा बाप मोठ्याने वाचतो आणि मी बटणांची काजं करत ऐकते, हे तुला ठाऊक आहे. फोनवर मशीनच्या खडखडाटात मला निम्मं ऐकू येत नाही, आणि तुझं अक्षर म्हणजे उसवलेला दोरा, माझ्या चौथीपर्यंतच्या शाळेला ते झेपत नाही. कागदाच्या एका बाजूला माझी दोन काजं होतात. तू परदेशी शिकायला गेल्यापासून दोन वर्षांत हे माप चुकलेलं नाही. या खेपेला दोन कागद होते, दोन्हीकडून लिहिलेले, शेवटची बाजू अर्धी. म्हणजे सात काजं व्हायला हवी होती. मी चौथ्याला गाठ मारली आणि तुझ्या बापाने कागदाची घडी घातली.

मी विचारलं, एवढंच? तर म्हणाला, एवढंच, मजेत आहे ती. मग कात्रीला धार लावून आणतो म्हणून बाहेर पडला. कात्रीला परवाच धार लावलेली. तुझा बाप कापड बेतताना अर्धं बोट चुकत नाही, पण खोटं बोलायला लागला की टीप वाकडी जाते.

ऐकलं त्यात एवढंच होतं की तू स्पॅनिश नावाची भाषा शिकतेस आणि कुठलासा फॉर्म भरायचा आहे. पुढचं मला परत लिही. मोठं, सुटं, पाटीवर लिहितात तसं. पाकिटावर नाव माझं घाल. आणि पाल्हाळ नको, एक बाजू वाचायला मला एक दिवस लागतो.

माया आहे ती आहेच, लिहून वाढत नाही.

आजी

---

ता. २ मार्च

ती. आजीस टाचणीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

अक्षर दुकानाच्या पाटीएवढं काढलंय. खोलीतली मैत्रीण विचारत होती, मोर्चाला निघालीस का म्हणून. गुडघ्याला शेक देतेस ना? देत नसशील, तरी विचारते.

बाबांनी गाळलं ते असं. इथे प्रत्येकाला एक मुख्य विषय घ्यावा लागतो, त्याला मेजर म्हणतात. त्याचे अकरा पेपर. जोडीला दुसरा धाकटा विषय घेता येतो, तो मायनर, त्याचे पाचच. निघताना माझं आणि बाबांचं ठरलं होतं की व्यवस्थापन मेजर घ्यायचं, म्हणजे परत येऊन मी दुकान बघेन, आणि स्पॅनिश हौसेपुरती मायनर. ते पक्कं करायचा फॉर्म २८ तारखेपर्यंत द्यायचा आहे. मला आता उलटं करायचंय. स्पॅनिश मेजर. मग दुकानात येणं व्हायचं नाही, हेही लिहिलं होतं.

कारणही लिहिलं होतं. शनिवारी सकाळी मी इथल्या दवाखान्यात जाते. स्पॅनिश बोलणारे रोगी येतात, त्यांचं डॉक्टरला आणि डॉक्टरचं त्यांना सांगायचं, असं आम्ही चार विद्यार्थी करतो. जानेवारीत एक बाई आली. कारखान्यात शिवणारी, तुझ्याहून थोडी लहान. सुई बोटातून आरपार गेलेली. तिने विचारलेलं मला सगळं कळलं, कारण ती तुझ्यासारखंच विचारत होती, परत मशीनवर कधी बसू. डॉक्टर म्हणाल्या, आठ दिवस पाणी लागू देऊ नका आणि पट्टी रोज बदला. मला ते नीट सांगता आलं नाही. जेवढं येत होतं तेवढं बोलले, उरलेलं हाताने दाखवलं. ती हो हो म्हणाली, मीही हो हो म्हणाले. पुढच्या शनिवारी ती परत आली तेव्हा बोट सुजून दुप्पट झालं होतं. ती रोज मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवत होती. मीच तसं सांगितलं असं तिला वाटलं होतं.

कुणी मला रागावलं नाही. ती तर मुळीच नाही. दवाखान्याचं काम शिकवणारे पेपर फक्त मेजरवाल्यांना आहेत. पाच पेपरांत ते येत नाहीत, मी यादी दोनदा पाहिली.

फॉर्मवर सही फक्त माझी लागते. भरून कपाटात ठेवलाय. बाबांना फोनवर सांगायला तीनदा गेले आणि तीनदा त्यांची तब्येत विचारून ठेवून दिला. मग तुझ्या पत्रात लिहिलं. तुला वाचून दाखवायचं म्हणजे त्यांना ते वाचावंच लागेल, असं वाटलं.

तुझा हात पाठीवर असू दे, आणि रागावणार असशील तर आखडता घेऊ नकोस.

टाचणी

---

ता. १७ मार्च

चि. टाचणी हिला आशीर्वाद.

पत्र वाचायला पाच दिवस लागले. शेक देत नाही.

म्हणजे चोर एक नाही, दोन. तो गाळणारा आणि तू माझ्या पाकिटात लपून त्याच्याशी बोलणारी. बापाला सांगायची छाती नाही, म्हणून बापाच्याच तोंडाने बापाला ऐकवायला निघालीस. एकाच ठाणातलं कापड आहे दोघांचं. मला मध्ये अस्तरासारखी घातलीत.

काल जेवणाच्या सुट्टीत पत्र मी त्याच्या हातात ठेवलं आणि म्हटलं, वरपासून खालपर्यंत वाच, मी आधी वाचलंय. दोन्ही शिंपी डबे उघडून बसले होते, त्यांच्यासमोरच. त्याने वाचलं. दुकानात येणं व्हायचं नाही, तेही वाचलं. बोटाचं आलं तिथे थांबला. माझं एक अख्खं काज झालं. शिंपीही घास धरून बसले. मग पुढचं वाचून संपवलं.

त्या खेपेला का गाळलंस, असं मी विचारलं. तर म्हणाला, ते मला माझ्याच आवाजात ऐकायचं नव्हतं. मी म्हटलं, मग आता ऐकलंस ना, मेलास का? दुपारी त्याने एका गणवेशाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी बाह्या उचलून त्याच्या समोर ठेवल्या. संध्याकाळी शटर ओढताना त्याने एकच विचारलं, ती बाई परत शिवायला बसली का. तेवढं कळव, मलाही हवंय. माझ्या अंगठ्याजवळचं बोट तू लहानपणी चाचपायचीस ना, वाकत नाही म्हणून? तेही असंच सुईने गेलं. डॉक्टरने मला सगळं माझ्याच भाषेत सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. तुझ्या त्या बाईने ऐकलं होतं.

तुझा बेत चांगला की वाईट ते मला कळत नाही, कळल्यासारखं करणारही नाही. पण दुसऱ्याच्या बोटाचं काम अंगावर घेतलंस तर अर्धं शिकून चालायचं नाही, एवढं कळतं. दुकानाचं ओझं तू घेऊ नकोस. दुकान माझ्या गळ्यात पडलं तेव्हा मला कुणी फॉर्म दिला नव्हता, आणि तुझ्या बापालाही मी दिला नाही. हे त्याला मी सांगायचं राहिलंय. ते मी बघेन.

फॉर्म २८ ला दे. तुझ्या बापाचं हो येवो, नाही येवो.

आता नीट ऐक. आणखी एका पाकिटावर तुझा पत्ता मी घातलाय, तिकीट लावलंय. कोरा कागद तुझ्या बापाच्या कात्रीखाली ठेवलाय, आणि कात्री उचलल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नाही. त्या बाईचं काय झालं तेही त्याचं पत्र आल्यावर त्यालाच लिही. तोवर मला ओळ धाडू नकोस. पुढच्या खेपेला मीही लिहिणार नाही. उत्तर तुझ्या बापाने द्यायचं, स्वतःच्या हाताने, आणि सात काजांच्या आत नाही संपवायचं. मी समोर बसून मोजणार आहे.

आजी