स्प्रिंग, दोर आणि माझी देखरेख

सोमवार, ४ मार्च
गॅरेजचं दार पुन्हा अडलं. खाली येतं, मध्येच थांबतं, परत वर जातं. वर जाताना कण्हतं. हिने मला न विचारता मेकॅनिक बोलावला. आला, मान वर करून पाहिलं, आणि निकाल देऊन मोकळा. म्हणे वरची स्प्रिंग थकलीय, बाजूच्या लोखंडी दोराच्या तारा सुटल्यात, दोन्ही बदला, तोवर दार वापरू नका. आणि खाली दोन्ही बाजूंना सेन्सरचे डोळे आहेत, त्यांच्यामध्ये माझी व्यायामाची सायकल येते, ती हलवा. सायकल तिच्या जागी आहे. डोळे चुकीच्या जागी आहेत.
त्याला वाटेला लावला. ही माणसं घाबरवून पोट भरतात. ऑफिसच्या सेफ्टी कमिटीवर मी आहे, तो नाही. जिन्यातलं 'सावकाश उतरा' हे पोस्टर माझं.

बुधवार, ६ मार्च
व्हिडिओ पाहिला. दुप्पट वेगाने, कारण बोलणारा बाबा फार पाल्हाळ लावतो. सगळं समजलं.
दोन्ही डोळे काढले आणि वर छताजवळ एकमेकांसमोर चिकटवले. आता ते दिवसभर एकमेकांना बघतात आणि दार निमूट बंद होतं. ही म्हणाली, खाली कुणी उभं असेल तर दाराला कळणार कसं? मी म्हटलं, दाराला कळायची गरजच काय, उभ्या असलेल्याला कळलं की झालं. ही फोन घेऊन आत गेली. पटलं असावं.
आईला मात्र कौतुक. पुढच्या दाराला पायऱ्या, तिच्या गुडघ्यांना त्या झेपत नाहीत, म्हणून वॉकर घेऊन ती गॅरेजमधूनच जाते. रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बाकावर तिच्या दोन मैत्रिणी वाट बघतात. तेवढंच तिचं बाहेरचं जग. म्हणाली, पोराने केलंय म्हणजे चांगलंच असणार. घरात एक तरी जाणकार माणूस आहे.

गुरुवार, ७ मार्च
धाकटे मेहुणे आले. हिनेच फोन केला असणार. दोराजवळ नाक नेऊन अक्कल पाजळली: स्प्रिंग दाराचं वजन पेलते, दोर ते धरून ठेवतो, दोन्ही गेले तर दार धाडकन खाली येईल. घरचा नळ गळला तरी प्लंबर बोलावणारा हा माणूस!
तरी मनाचा मोठेपणा दाखवून दोराच्या सुटलेल्या तारांवर लाल टेप गुंडाळली. घट्ट. आता एकही तार दिसत नाही. प्रश्न मिटला.

शनिवार, ९ मार्च
सकाळी गॅरेजमध्ये बॉम्ब फुटल्यासारखा आवाज. ही गॅस बंद करायला धावली. मी शांतपणे जाऊन पाहिलं. स्प्रिंग तुटली होती. हिला समजावलं की ताणलेली स्प्रिंग धोक्याची असते, ही आता ताणलेली नाही, म्हणजे दार पूर्वीपेक्षा सुरक्षित झालं. ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. आदर असेल.
दार हाताने उचलून पाहिलं. कंबर धरली. दार जड निघालं, बनवणाऱ्यांना काही पोच नाही.
दार बंद, म्हणून आई आज बाहेर गेली नाही. मैत्रिणीचा फोन आला, बरी आहेस ना म्हणून. आईने सांगितलं, मुलगा करतोय काम. मग खिडकीशी जाऊन बसली.

रविवार, १० मार्च, संध्याकाळ
हिने मेकॅनिकला पुन्हा फोन केला, तो म्हणे उद्या येणार. आमच्या आईने काय त्याच्या सवडीने फिरायला जायचं?
दाराची मोटर चालू करून दार वर घेतलं. मोटरीला जळका वास आला, कामाला लागली की येतो. दाराखाली शिडी टेकवली आणि आईला हाक मारली, ये बिनधास्त. ती आली. चेहरा खुलला होता. ही मागून नको नको म्हणत होती, मी हाताने गप्प केलं.
आईने वॉकर पुढे टाकला. दोर तुटला. शिडी सटकली. हिने आईचा दंड धरून मागे खेचलं आणि दार वॉकरवर पडलं.
वॉकर पार चपटा झाला. आईला काही लागलं नाही. ती वॉकरकडे बघत उभी राहिली. ही मात्र रडायला लागली.
शिडी हलक्या प्रतीची होती. दुकानदाराला सोडणार नाही.

सोमवार, ११ मार्च
मेकॅनिक आला. नवी स्प्रिंग, नवा दोर. डोळे परत खाली लावले, सायकल बाहेर काढली. टेपची लाल गुंडाळी माझ्यासमोर धरली आणि कचऱ्यात टाकली. या लोकांना शिष्टाचार कुणी शिकवत नाही.
लक्ष ठेवायला मी उभा होतो. काम बरं झालं ते त्यामुळेच.

मंगळवार, १२ मार्च
आई नवा वॉकर घेऊन निघाली. मी रिमोट दाबला, दार आवाज न करता वर गेलं. म्हटलं, चल.
उंबऱ्यापाशी थांबली. वर पाहिलं, स्प्रिंगकडे, दोराकडे. मग माझ्याकडे नाही, सुनेकडे वळली.
"याने हात लावलाय का कशाला?"
ही म्हणाली, नाही.
"खरं सांग."
"खरंच नाही, आई. मी इथेच होते."
तेव्हा कुठे पाऊल टाकलं. वय झालं की माणूस उगाच संशयी होतो. हिने माझ्या हातातून रिमोट काढून घेतला. मी दिला.
काळोख पडायच्या आत आई परतली. मी दाराशीच उभा होतो, हात द्यायला. ती बाहेरच थांबली. मला म्हणाली, "तू आधी आत जा."
मी आत गेलो. मग ती आली.