पायलटला कुणीही उठवायचं नाही

लिहून ठेवणार: मी, रोदा कुम्बो, मयत याकोब कुम्बोची बायको, राहणार कोम्बुला, धावपट्टीच्या वरच्या टोकाचं पत्र्याचं घर. वय पन्नासच्या आगेमागे. मी जन्मले तेव्हा गावात लिहिणारं कुणी नव्हतं. मिशनच्या शाळेत दोन वर्षं काढली, तिथे जेवढं पदरात पडलं तेवढ्यावर हे लिहिते आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. पोट ठिकाणावर नाही. कुणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. उलट आज सगळा गाव माझ्या दडपणाखाली अंगणात गप्प बसला आहे.

हे आजच का, ते आधी सांगते, म्हणजे मागाहून कुणी आपापल्या सोयीचं सांगणार नाही. माझ्या पित्ताच्या पिशवीत खडा अडकलाय असं दवाखान्याच्या सिस्टर हिल्डा म्हणतात. शहरात जाऊन पोट फाडून घ्यायला हवं. त्यांनी रेडिओवरून विमान मागवलं आणि ते आलंही. पायलट टोबायस वारी, पहाटेपासून एकेक खेडं करत शेवटी आमच्याकडे पोचलेला. उतरला, पण थांबेना. ब्रेक लागलाच नाही. आमची धावपट्टी चढाची, तरी विमान ती संपवून माझ्या रताळ्यांच्या वाफ्यात शिरलं तेव्हाच थांबलं.

टोबायस खाली उतरून चाकापाशी वाकला. बोटाला तेल लागलं ते सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाला, "मावशी, मेकॅनिकने बघितल्याशिवाय हे विमान इथून हलणार नाही. माझेही आजचे उडायचे तास संपलेत. उद्या सकाळी ढग उठले की दुसरं विमान मेकॅनिकला घेऊन येईल, तेच तुम्हाला नेईल." बोलताना त्याचे डोळे मिटत होते. मी म्हटलं, "जा, आत जाऊन झोप." हे मी म्हटलं. माझ्या तोंडाने. सिस्टरनी ऐकलंय.

माझा दीर पायस आमच्या वॉर्डाचा मेंबर आहे. त्याला हे पटलं नाही.

"वहिनी, ब्रेक थांबायला लागतो. उडायला कुठे लागतो?"

"आणि शहरात उतरल्यावर?"

"तिथली धावपट्टी लांबलचक आहे. थांबेल की कुठेतरी."

"भाजीबाजारात?"

"मग तर उत्तमच. दवाखाना तिथून जवळ पडतो."

असल्या माणसाला आम्ही मतं दिली.

कलम पहिलं. भरपाई. मी टोबायस झोपेत असताना मेले किंवा उद्या ढग न उठल्यामुळे मेले, तर मला खड्याने मारलं असं समजावं. टोबायसने नाही. आमच्याकडे माणूस गेलं की आधी रडतात आणि मग भरपाई कुणाकडून घ्यायची ते ठरवतात. काही जण रडण्याआधीच ठरवतात. टोबायसच्या कुळात डुकरं किती असतील, याची चौकशी पायस आत्ताच करून आला. मी इथे बसून चहा पितेय आणि तिकडे माझा भाव ठरतोय. म्हणून सांगते: माझ्या मरणापायी टोबायसकडे, त्याच्या आईबापाकडे, कुळाकडे कुणी डुकराचं शेपूटसुद्धा मागायचं नाही. विमानाला काडी लावायची नाही. 'नाही' म्हणणाऱ्याकडून भरपाई घेतलीत, तर पुढचा पायलट भिऊन 'हो' म्हणेल. मग भरपाई डोंगराकडे मागत बसा.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. माझ्या नवऱ्याने असाच एक पायलट उठवला होता. कॉफीची पोती भिजतील म्हणून. "अरे ऊठ, ढग गेले," म्हणाला. गेले नव्हते, जरा बाजूला सरकले होते. पायलट डोळे चोळत उठला आणि दोघं पोत्यांसकट डोंगरावर आदळले. मयताला सगळ्यांनी डोंगराला शिव्या घातल्या. डोंगर आधीपासून तिथेच उभा होता. मग आम्ही पायलटच्या कुळाकडे भरपाई मागितली, कारण विमान त्यांच्या माणसाच्या हातात होतं. त्यांनी आमच्याकडे मागितली, कारण झोप आमच्या माणसाने मोडली होती. दोघांचंही बरोबर, म्हणून दोघांनीही दिली. आमची डुकरं तिकडे गेली, त्यांची इकडे आली. एक कानतुटकी डुकरीण तर आमच्याकडून जाऊन, खिंड ओलांडून, त्यांची म्हणून परत माझ्याच दारात उभी राहिली. तिला बघून मला नवरा गेल्यावर पहिल्यांदा हसू आलं आणि मग फार राग आला.

त्या रागात मी पंचांसमोर गेले. म्हटलं, मेल्यावर भरपाई कसली घेता? उठवल्याबरोबर घ्या. पायलटला झोपेतून उठवेल त्याने माझ्या दारात एक डुक्कर आणून बांधायचं. विमान बिघडलंय असं पायलट म्हणाल्यावर जो कुणी "काही होत नाही" म्हणेल, त्यानेही एक. पंच हसले. हसता हसता ठराव झाला. त्यांना वाटलं, बाई विसरेल.

कलम दुसरं. डुकरं. माझी डुकरं सगळी त्या ठरावाची कमाई. ज्याच्याकडून आलं त्याचंच नाव मी डुकराला देते, म्हणजे घोटाळा होत नाही.

'खासदार' शाळेला द्यावा, जेवणावळीला. खासदारसाहेबांनी पायलटला हलवून विचारलं होतं, "झोप नीट लागली ना?" डुक्कर लठ्ठ आहे, वाटेतून हटत नाही, चार जणांनी धरावं.

'पास्टर' सिस्टर हिल्डांच्या दवाखान्याला. पास्टरांनी पायलटच्या खिडकीखाली घंटा बडवली, ते डुक्कर देऊन सुटले. तेव्हापासून पायलट मुक्कामी असला की ते दारोदार फिरून प्रार्थनेला कुजबुजत बोलावतात. चर्चला गर्दी वाढलीय. कुजबुजून सांगितलं की माणसाला वाटतं, आत काहीतरी वाटणार आहेत.

'काही होत नाही' ही डुकरीण कॉफीच्या व्यापाऱ्याची. टायर फाटलेला दिसत असून तो तसं म्हणाला होता. ती दर पावसाळ्यात चरात पडते. ती कुणालाही द्या, पण सांगून द्या.

'पायस' नावाची बरीच आहेत. त्यातलं एकही पायसला परत जायचं नाही. त्याला याकोबची छत्री द्यावी. डोक्यावर काहीतरी हवंच, आत काही नाही तर.

कलम तिसरं. घर. जमीन माझ्या नवऱ्याच्या कुळाची, ती मला देता येत नाही. पण वरचे पत्रे, खाटा, मच्छरदाण्या, प्रवाशांना तोलायचा काटा आणि दारामागची काठी माझी आहे. हे सगळं सेराला. सेरा माझ्या पोटची नाही, मी वाढवलेली, पण जीभ माझीच आहे. तिच्यावर अट एकच: पायलट इथे झोपतील आणि पोटभर झोपतील.

आज दुपारी तीच अट मोडायला निघाली होती. रडून डोळे सुजवले होते.

"आई, मी उठवते त्याला. एक काय, दहा डुकरं देईन."

"तुझ्याकडे कोंबडी नाही."

"तू मरशील गं!"

"आत्ता मेले तर एकटी मरेन. तू त्याला उठवलंस तर त्याला घेऊन मरेन."

"मग मी करू तरी काय?"

"पायरीवर बस. कुणाला वर चढू देऊ नकोस."

बसली. बराच वेळ माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग पायस खोकत खोकत पायरी चढायला लागला. मुद्दाम मोठ्याने खोकत होता, म्हणजे उठवलं असंही होत नाही. सेराने त्याच्या नडगीवर काठी हाणली आणि त्याचा खोकला बरा झाला. तेव्हाच मी हे कलम पक्कं केलं.

कलम चौथं. रडणं. माझ्यासाठी अंगाला चिखल फासून मोठ्याने रडायचं असेल तर धावपट्टीच्या खालच्या टोकाला जाऊन रडा. घराजवळ रडायचं तर तोंडात ओढणी कोंबून. मी शहरात मेले आणि मला परत आणायला पायलटने विमानाकडे बघून "नाही" म्हटलं, तर मला तिथेच राहू द्या. मला घाई नसेल.

साक्षीचं असं आहे. दोन साक्षीदार लागतात, दोघं कुळाबाहेरचे आणि लिहिता येणारे; नाहीतर आमच्याकडे कागदाला कुणी विचारत नाही. सिस्टर हिल्डा किनाऱ्याकडच्या, त्यांची सही होईल. पायस म्हणाला, मी करतो दुसरी. तो कुळातला, शिवाय छत्री मिळालेला. पास्टर माझे चुलत मेहुणे. आज गावात कुळाबाहेरचा, लिहिता येणारा एकच माणूस उरतो, आणि तो आत घोरतोय.

पायसचा चेहरा उजळला. "वहिनी, आता तर त्याला उठवावंच लागेल! सहीसाठी!"

सेराने काठी उचलली.

"त्याची झोप झाली की सही होईल," मी म्हटलं.

"आणि त्याआधी तू गेलीस तर? कागद कच्चा. मग मी भरपाई मागायला मोकळा."

आयुष्यात पहिल्यांदा बरोबर बोलला. म्हणून कलम पाचवं आणि शेवटचं: टोबायस वारी आपणहून जागा होऊन, तोंड धुऊन, चहा पिऊन इथे सही करेपर्यंत मी मरणार नाही. सिस्टर म्हणतात, असं मृत्युपत्रात लिहिता येत नाही. मी लिहिलं आहे.

वरचं सगळं मी स्वतः लिहिलं, सिस्टरनी मोठ्याने वाचलं (हळू आवाजात), आणि ते मला कबूल आहे.

सही: रोदा कुम्बो

साक्षीदार पहिल्या: हिल्डा ओमारो, दवाखाना, कोम्बुला. सही केली.

साक्षीदार दुसरे: टोबायस वारी, पायलट. झोपलेले आहेत. जागा राखली आहे, तिथे दुसऱ्या कुणी अंगठा उठवू नये.

ठिकाण: कोम्बुला, घराचा ओटा. गुरुवार, ९ ऑगस्ट २०१८. मी अजून बसलेली आहे.