पत्राखालचा कावळा

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
२४ ऑगस्ट २०२५

ती. ताईस श्रीरंगचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. फोनवर तू निम्मं ऐकतेस आणि उरलेलं मनचं घालतेस, त्यापेक्षा हे बरं. मी ठणठणीत आहे. संपदाच्या क्वार्टरची बाल्कनी मी रंगांनी भरून टाकली आहे. मागच्या आठवड्यात पानिपतला जाऊन हातमागवाल्यांची स्केचेस करून आलो, त्याचंच मोठं तैलचित्र चाललंय. शेजारी विचारतात की अंकल आजकाल पेपरात का दिसत नाहीत. मी नुसता ब्रश हलवून दाखवतो.

तुला ठाऊक आहेच, लेकीला शब्द दिलाय. तिच्या बढतीची फाइल वर गेली आहे. तिचा निकाल लागेपर्यंत एकही राजकीय व्यंगचित्र छापून येता कामा नये. चाळीस वर्षं रोज एक काढलं गं. आता सकाळी पेपर वाचला की हात नुसता शिवशिवतो, आणि मग तुला पत्र लिहितो.

संपदाचे साहेब दिसतात कसे, असं विचारलं होतंस ना? मागच्या पानावर बघ. मंत्रिमहोदय भुयारी रस्त्याच्या उद्घाटनाला होडीतून आलेत. फीत पाण्याखाली गेली म्हणून साहेबांनी आपला टाय कापायला पुढे केलाय, वर हात जोडून आभार मानतायत. ती मिशी आणि हनुवटीवरची चामखीळ हुबेहूब आहे. हे आपल्या दोघांतच. खाली नेहमीचा चष्मेवाला कावळा आहे. लहानपणापासून माझ्यामागे कावकाव केलीस, त्याची शिक्षा.

माया आहे तशीच ठेव.
तुझा श्रीरंग

कराड
६ सप्टेंबर २०२५

चि. श्रीरंग यास अनेक आशीर्वाद.

मेल्या, हसून हसून ठसका लागला मला! तो टाय पुढे करणारा साहेब पाहिला आणि वाटलं, हे कुणाला दाखवता येत नाही म्हणजे काय!

काल राजाभाऊ आले होते. एकतीस वर्षांत प्रथमच त्यांच्या दिवाळी अंकात तुझं चित्र नसणार, असं म्हणाले. काळजात चर्र झालं बघ. मी म्हटलं, ट्रंकेत तुझी जुनी चित्रं आहेत, त्यातलं एखादं शोधून देते. जुन्याला कुणाची हरकत? तू काळजी करू नकोस. आणि कावळ्याचं पोट जरा कमी काढत जा.

पत्राची वाट बघणारी,
ताई

लक्ष्मीबाई नगर
२ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस सा. न.

अंक निघाला. त्यातलं ते टायचं चित्र कुणीतरी मोबाइलवर फिरवलं आणि आर. के. पुरमच्या मराठी लोकांच्या ग्रुपवरून ते साहेबांपर्यंत गेलं. त्यांनी संपदाला बोलावून फोन तिच्यासमोर ठेवला आणि लेखी खुलासा मागितला.

शब्द का मोडलात, असं तिने विचारलं. मीच पाठवलं म्हणून सांगितलं. तुझं नाव कशाला? या वयात तुला लेकरांची बोलणी नकोत. नऊ दिवस झाले, ती माझ्याशी बोललेली नाही. तू तिला काही लिहू नकोस.

तब्येत सांभाळ.
श्रीरंग

कराड
९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. संपदा हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

बाळ, तुझ्या बाबांनी शब्द मोडलेला नाही. तो मी मोडला. ते चित्र फक्त माझ्यासाठी होतं, पत्राच्या मागे काढलेलं. जुनी चित्रं शोधायला बसले तर वाळवीने खाल्लेली. तेवढ्यात राजाभाऊंनी हे पाहिलं, पोट धरून हसले, आणि माझी अक्कल गहाण पडली. दिल्लीत कोण वाचतंय आपला कराडचा अंक, असं वाटलं. श्रीरंगला विचारलंसुद्धा नाही, कारण तो नाही म्हणाला असता.

त्याने लिहू नकोस म्हटलंय, तरी लिहिते आहे. या खेपेला त्याच्या पत्राखाली कावळा नाही गं. तुझी आई गेली त्या आठवड्यातल्या पत्रातसुद्धा होता. चारदा पान उलटून पाहिलं. मला हवं ते बोल, पण त्याच्याशी बोल.

तुझी अपराधी,
कुमुदआत्या

लक्ष्मीबाई नगर
२३ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास संपदाचा सा. न. वि. वि.

खोटं कशाला बोलू, तुझं पत्र वाचून तुझा भयंकर राग आला. दोन दिवस ते पर्समध्ये घेऊन फिरले. बढतीची यादी लागली, त्यात माझं नाव नाही. साहेबांना मी लिहून दिलं की चित्र माझ्या वडिलांचं आहे, खाजगी पत्रातलं आहे, आणि याहून जास्त खुलासा माझ्याकडे नाही. त्यांनी वाचलं, अच्छा म्हणाले आणि फाइल मिटली.

पण जास्त राग माझा मलाच आला. बाबांनी मीच पाठवलं म्हटलं आणि मी लगेच मानलं. या माणसाने आजवर कुणाला दिलेला शब्द मोडला नाही, मग आत्ताच का मोडेल, हे एकदाही मनात आलं नाही.

परवा त्यांच्यासमोर तुझं पत्र ठेवलं. त्यांनी वाचलं आणि एवढंच म्हणाले की ताईला राहवत नाही. मी त्यांना शब्दातून मोकळं केलं. बढती गेलीच आहे, आता बिल्कुल बिनधास्त काढा म्हटलं. तर म्हणाले, आता हात चालत नाही. पानिपतचं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. पेनं एका डब्यात घालून माळ्यावर टाकली आहेत. मला फार भीती वाटते आहे, आत्या.

तू रागावलीस तरी चालेल, पण आम्हाला विसरू नकोस.
तुझी संपदा

ता. क. खालचा कावळा मी काढलाय, ऑफिसच्या बॉलपेनने. कोंबडी झाली आहे, माहीत आहे. बाबा पेपराआडून बघत होते. बराच वेळ सहन केलं, मग पेन माझ्या हातातून ओढून घेतलं. चष्मा त्यांचा आहे.