भरमाप्पांच्या विमानाचे बांबू

२९ जुलै २००५

पोहोचलो एकदाचा. कोल्हापुरातलं रेडिओदुरुस्तीचं दुकान बंद ठेवून, हौसेचा बिनतारी संच आणि ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन शिरोळकडच्या या पुरात. फोन मेलेत, म्हणजे मदतकेंद्राशी बोलणारा मी एकटाच. गावातल्या शांतव्वांनी त्यांच्या माडीवर जागा दिली, गरम भाकरी वाढली. त्यांची सून सौंदर्या दिवस भरलेली आहे. तिच्यासाठी बोट मागवणं हे पहिलं काम.

अँटेना तासाभरात उभी केली. मधून केबल, दोन्हीकडे दहा-दहा मीटर तार. उंची लागत नाही. तार जमिनीजवळ असली की लहरी सरळ वर जातात आणि आभाळावर आपटून जिल्हाभर खाली उतरतात. आधाराला बांबू हवे होते, तर गावाच्या कडेला पाण्यावर चार सुरेख बांबू तरंगत होते, रंगीत कागद चिकटलेले. कुणाच्या तरी मांडवाचे असणार. आयतेच मिळाले.

३० जुलै

शांतव्वांनी बांबू ओळखले. आठ दिवसांपूर्वी त्यांचे मालक भरमाप्पा वारले. या लिंगायतांच्यात मृताला बांबूच्या विमानात बसवून मिरवत नेतात आणि पुरतात. हे त्या विमानाचे बांबू, दफनभूमीच्या कडेला टाकलेले, पुरात वाहून आलेले. पावणं, परत सोडून या की, म्हणाल्या. मला शिसारी आली, तीनदा साबण लावला. पण या पाण्यात दुसरे बांबू आणू कुठून? तसेच ठेवले.

संध्याकाळी बांबूंच्या पेरांतून पिवळट, चिकट पाणी गळायला लागलं. मेलेल्या म्हशीचा वास. शी.

३१ जुलै

केंद्र लागलं. आवाज घोगरा, पण स्वच्छ. उद्या दुपारी दोनला बोट, सुनेला दफनभूमीच्या टेकाडावर आणा, असं सांगितलं. हेडफोन काढला तर स्पंज ओला. कानात तेच पिवळं. भडाभडा ओकलो. कान धुतले, कापूस कोंबला. वास जात नाही.

१ ऑगस्ट, सकाळ

सौंदर्याला कळा सुरू. शांतव्वांनी हेडफोन कानाला लावला आणि लगेच ओढून काढला. म्हणाल्या, आवाज त्यांच्या मालकांचा आहे. सुनेला न्यायला येतो म्हणतोय.

तार तोडली. बांबू फेकले. बॅटरी काढली. आवाज चालूच —

दुपार

सौंदर्याच्या नवऱ्याला, मल्लेशला, सगळं सांगितलं. बोट न्हाय मिळाली तर बायको मरंल माझी, म्हणाला. तिला उचलून टेकाडावर आणलं. मी मागोमाग.

बोट आली. इंजिनाचा आवाज नाही. आत माणसं — सगळी ताठ बसलेली, फुगलेली, हार घातलेले. मल्लेशला दिसत नाहीत —

थांब म्हणून ओरडलो. तोंडातून पिवळं पाणी आलं आणि शब्द भलतेच. बस की रं, जागा हाय. मल्लेशनं मान डोलावली —

पुन्हा ओरडलो. पुन्हा तेच —

बोलता येत नाही. वहीत मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्यासमोर धरतो. मल्लेश, तिला बोटीत बसवू