बिनखुणेचा अंक

दि. २२ नोव्हेंबर २०२५, शनिवार
सोलापूर

मार्चअखेरच्या धावपळीत ही वही बाजूला पडली ती आज हातात घेतली. इतक्या महिन्यांत एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल वहीची क्षमा मागतो. आज मात्र रोजनिशी नाही, मृत्युपत्र लिहायचं आहे. त्यासाठी वेगळा जाड कागद आणला होता, पण त्यावर माझं अक्षर फार सुबक यायला लागलं, आणि सुबक अक्षरात मी स्वतःबद्दल जरा बरंच लिहितो. म्हणून इथंच.

मी, मल्हार येडू व्हनमाने, वय सेहेचाळीस, शिक्षण बी.कॉम., टॉवेलच्या कारखान्यात माल तपासणीस, राहणार विजापूर रोड, सोलापूर, असं लिहून ठेवतो की माझ्यावर कोणाचं दडपण नाही, मी नशेत नाही आणि माझं मन ठिकाणावर आहे. शेवटच्या मुद्द्यावर घरात दोन मतं आहेत, पण त्यातलं दुसरं मत माझ्या पत्नीचं, वैजयंतीचं, आहे आणि ते या दस्तात नोंदवण्याची गरज नाही.

निमित्त असं. दिवाळीत माझा भाचा आदिनाथ पुण्याहून आला. तो संगणकाच्या कंपनीत आहे आणि जुन्या कॉमिक्सच्या नादाला लागला आहे. त्यानं पांढरे सुती हातमोजे घालून माझी लोखंडी पेटी उघडली. आत 'लोहगरुड' या चित्रकथांच्या मासिकाचे अंक आहेत, माझ्या लहानपणीचे. आदिनाथनं एकेक अंक काढून सतरंजीवर ओळीनं मांडला. मग म्हणाला, "मामा, उद्या तुम्हाला काही झालं तर हे सगळं रद्दीत जाईल."

"जाईलच," वैजयंती आतून म्हणाली.

तेव्हापासून मृत्युपत्राचा विचार डोक्यात आहे.

कलम पहिलं. राहता फ्लॅट माझ्या पश्चात पत्नी वैजयंती हिचा. माझी आई मायाक्का हिला त्यात मरेपर्यंत राहण्याचा हक्क आहे. आई हे वाचून म्हणेल की ह्यो कोन हक देनारा. ते बरोबर आहे, तरी लिहितो. न्हाणीघराची भिंत ओल धरते. बिल्डरनं ती 'हवामानामुळे' आहे असं सांगितलं होतं. सोलापूरच्या हवामानाला ओल आणण्याचा दोष आजवर दुसऱ्या कोणी दिलेला नाही. हे वाक्य त्याला कोणीतरी वाचून दाखवावं.

कलम दुसरं. बँकेत जे असेल ते वैजयंती आणि मुलगी अपेक्षा यांनी निम्मं निम्मं घ्यावं.

कलम तिसरं, हत्यारं. माझ्याकडे दोनच आहेत. एक, टॉवेलातले धागे मोजायचं पितळी भिंग. वीस वर्षं मी त्यातून बघून टॉवेलांना 'फर्स्ट' आणि 'सेकंड' ठरवत आलो. हे भिंग आदिनाथला. त्याच्याकडे महागडं, दिव्याचं भिंग आहे, पण त्यातून त्याला फक्त दुसऱ्याच्या वस्तूंचे दोष दिसतात असा माझा अनुभव आहे. माझ्या भिंगाला दिवा नाही, बघणाऱ्याला स्वतः उजेडात जाऊन उभं राहावं लागतं.

दुसरं हत्यार वडिलांची लोकर कातरायची कातर. ती अपेक्षाला. का, ते पुढं येतंच.

कलम चौथं. माझी बहीण विजयमाला, आदिनाथची आई, हिचे यजमान, बार्शीचे सयाजी दाजी, माझ्या लग्नात सगळ्यांदेखत म्हणाले होते, "पावणं अजून चित्राची पुस्तकं वाचत्यात म्हनं." परवा त्यांचाच फोन आला की त्या पुस्तकांचं काय ते आमच्या आदिनाथला ठरवू द्या, त्याला त्यातलं कळतं. दाजींवरचा राग मी सोबत नेत आहे. त्यावर कोणी वारसा सांगू नये.

कलम पाचवं, 'लोहगरुड'.

इथं थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण ज्याला या पेटीत काय आहे ते कळलं नाही त्याला मी काय ठरवलं तेही कळणार नाही.

आदिनाथचं म्हणणं असं की हे अंक अमेरिकेतल्या एका कंपनीकडे पाठवावेत. तिथं तज्ज्ञ ते तपासतात, दहापैकी गुण देतात आणि अंक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचा बंद करून परत पाठवतात. याला ते लोक 'स्लॅब' म्हणतात. आदिनाथचा एक गट आहे, सगळ्यांचे अंक मुंबईत गोळा होऊन एकदम जातात. पुढचं पार्सल परवा सोमवारी निघतं. डबीत गेला की अंकाची किंमत अनेक पटींनी वाढते.

"आणि वाचायचा कसा?" अपेक्षानं विचारलं.

"वाचायचा नसतो."

"मग आत तोच अंक आहे हे कशावरून?"

"वरती बारकोड असतो."

आईनं बसल्या जागेवरून विचारलं, "स्लॅब घराला घालत्यात. पुस्तकाला कशाला?"

"आज्जी, म्हणजे तो आहे तसा राहतो. काही होत नाही त्याला."

"मेल्यालाच काय हुत न्हाय, बाबा."

मी मध्ये पडलो नाही. खरं सांगायचं तर मला मोह झाला होता. ज्या वस्तूवरून आयुष्यभर लोक हसले तिला कोणीतरी परदेशातून नऊ गुण देणार, ही कल्पना वाईट नव्हती. आणि अपेक्षाला पुढं शिकायला पुण्याला जायचं आहे, हेही होतंच.

पण आदिनाथनं भिंग लावलं आणि त्याचा चेहरा पडला. प्रत्येक अंकाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक त्रिकोणी खाच आहे. मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत आरपार.

"मामा, उंदीर का?"

उंदीर नाही. माझे वडील, अण्णा. आमचं मूळ मंद्रूपचं. मेंढरं होती. आमच्या कळपाची खूण म्हणजे प्रत्येक मेंढराच्या उजव्या कानाला वरच्या अंगाला एक त्रिकोणी खाच. वडिलांनी कळप विकला आणि सोलापुरात मिलच्या फाटकावर वॉचमन झाले, पण सवय विकता आली नाही. चाळीत सगळ्यांची भांडी एका नळावर, सगळ्यांची पोरं एका व्हरांड्यात. आपलं ते आपलं राहावं म्हणून घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला त्यांनी कातरीनं खाच मारली. चपलेच्या पट्ट्याला, छत्रीच्या कापडाला, बहिणीच्या दप्तराला. माझी दहावीची गुणपत्रिका शाळेतून आणली त्या दिवशी संध्याकाळी तिलाही. अकरावीच्या प्रवेशाला कॉलेजच्या क्लार्कनं ती उजेडाला धरून विचारलं, "फाटकी का आणली?" वडील म्हणाले, "फाटकी न्हाय, आमची हाय." क्लार्कनं दुसरी प्रत काढून आणायला लावली. दुसऱ्या प्रतीलाही खाच आहे.

महिन्याला एक अंक ते पगाराच्या दिवशी एस.टी. स्टँडवरून आणायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. आधी खाच मारायची, मग माझ्या हातात द्यायचा.

आदिनाथनं हे सगळं ऐकलं, आणि म्हणाला, "आजोबांनी एवढं कशाला करायचं?"

"हरवू ने म्हनून," आई म्हणाली. "तुज्या मामाच्या कानालाबी मारायला निगालं हुतं. मीच हात धरला."

गटातल्या एका जाणकाराला फोटो गेला. त्याचं उत्तर आलं, कोपरा गेलेला असल्यानं दहापैकी दीड. मुंबईत एक बाई जपानी कागद लावून कोपरा भरून देतात, पण मग प्रमाणपत्रावर 'दुरुस्त केलेला' असा शेरा येतो. मी वीस वर्षं टॉवेलांवर असे शेरे मारले आहेत. जेवणाआधी मी कडक असतो, जेवणानंतर थोडा मवाळ. अमेरिकेतला माणूसही जेवत असणार. त्यामुळे दीडचं मला वाईट वाटलं नाही. दुरुस्त केलेला, याचं मात्र वाटलं. वडिलांनी मारलेली खाच हा दोष, आणि ती बुजवणं ही दुरुस्ती, असं प्रमाणपत्र मी पैसे भरून मागवणार होतो.

तर खाच असलेले सगळे अंक अपेक्षाला. डबीत घालायचे नाहीत, कोपरे भरायचे नाहीत. वाचावेत, फाटले तर चिकटवावेत, कोणी मागितले तर द्यावेत. परत येतीलच, खूण आहे. नवीन काही घेतलं तर कातर तिच्याकडे आहे.

कलम सहावं, पहिला अंक.

पहिल्या अंकाच्या माझ्याकडे दोन प्रती आहेत. एकीला खाच आहे, ती वरच्या कलमात गेली. दुसरीला नाही. चारही कोपरे शाबूत, आतला कागदही फारसा पिवळा नाही. आदिनाथनं ती दोन्ही हातांवर घेतली, जावळाच्या बाळासारखी. ही नऊला जाईल असं जाणकारानं कळवलं. असा अंक आता कोणाकडे नाही म्हणे. सोमवारच्या पार्सलात तिचं नावही लागलं.

"एक वाचायला, एक जपायला. मामा, तेव्हापासून तुमच्यात कलेक्टर होता," आदिनाथ म्हणाला.

मला ते आवडलं. इतकं आवडलं की मी महिनाभर तसंच मानलं, कारखान्यात माझ्या हाताखालच्या महेश्वरला तसं सांगितलंसुद्धा. आज या कलमापाशी आलो आणि लिहिलं: 'लोहगरुड'च्या पहिल्या अंकाची खाच नसलेली प्रत, माझ्या मालकीची, ही मी... आणि पुढं लिहिता येईना. ज्या घरात दोन भावंडांत एक कंपासपेटी होती, तिथं एकाच अंकाच्या दोन प्रती पगाराच्या दिवशी कोण आणेल?

आई डाळ निवडत होती. तिला दोन्ही प्रती दाखवल्या.

"आई, ह्याला खूण का नाही?"

तिनं कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "ह्यो आपला न्हाय."

"अण्णा विसरले असतील."

"तुजं नाव इसरलं असतं त्यांनी, खाच न्हाई." मग म्हणाली, "त्या सावित्रम्माच्या पोराचा आसंल. चाळीत तुमी दोगं आपल्याच खोलीत लोळत हुता की."

शिवपुत्र कलशेट्टी. चाळीत आमच्या शेजारची खोली. घरी कन्नड बोलायचा आणि लोहगरुडाचे संवाद मराठीत, माझ्यापेक्षा चांगले म्हणायचा. मिल बंद पडली तेव्हा ते लोक मैंदर्गीला परत गेले. सामान घाईत बांधलं, काही आमच्याकडं राहिलं असेल. मी चोरलं नाही, एवढं मला नक्की आठवतं. पण विचारलंही नाही, कारण माझं नाही हे कधी डोक्यातच आलं नाही.

"चुकार मेंढरू कळपात शिरलं तर काय करायचे अण्णा?" मी विचारलं. मला ठाऊक होतं, पण तिच्या तोंडून हवं होतं.

"बाजारात इचारायचं कुनाचं म्हनून. तवर चारा घालायचा. लोकर घेतली तर चालती. इकायचं न्हाय, कापायचं न्हाय."

लोकर मी भरपूर घेतली आहे. तो अंक मला पाठ आहे.

मघाशी आदिनाथला फोन केला. पार्सलातून नाव काढ म्हणालो. आधी तो हसला.

"मामा, त्या माणसाला आठवतही नसेल."

"नसेल."

"त्याला त्याची किंमत कळणार नाही. तो सरळ उघडून वाचेल."

"वाचू दे."

"हात तरी धुवेल का?"

वैजयंती हे ऐकत होती. ती मला मूर्ख म्हणेल असं वाटलं. ती म्हणाली, "अपेक्षाच्या पुण्याचं आपण बघू. पण त्याला कळवल्यावर त्यानंच डबीत घातलं तर?"

याचा विचार मी केला होता. घालू दे, विकू दे, पोराच्या लग्नात वाटू दे. ते त्याचं मेंढरू आहे. माझं मन त्या वेळी शांत असेल असा मात्र दावा करत नाही, कारण हा दस्त खरा असायला हवा.

म्हणून कलम सहावं रद्द करतो. मृत्युपत्रानं माणसाला स्वतःचंच देता येतं, आणि जे दुसऱ्याचं आहे ते द्यायला मरायची वाट बघणं बरं नाही.

साक्षीदारांना बोलावलं तेव्हा चहा झाला. ज्यांना या दस्तातून काहीच मिळत नाही असे दोघे मुद्दाम निवडले. महेश्वरनं सगळं वाचलं आणि म्हणाला, "दीड मार्काचा माल पोरीला आणि नऊ मार्काचा परक्याला. साहेब, कारखान्यात असं केलं असतं तर तुम्हाला काढलं असतं." खालच्या मजल्यावरचे निंगप्पा अक्कलकोटच्या बाजूचे. शिवपुत्रचं नाव वाचून त्यांनी चष्मा काढला. "कलशेट्टी? मैंदर्गीच्या बाजारपेठेत पिठाची गिरणी हाय की त्याची. हात कायम पांढरे." मला आदिनाथ आठवला. हातमोज्यांची सोय झालेली आहे.

वरील मजकूर मी स्वतःच्या हातानं लिहिला, स्वतः वाचला, दोन ठिकाणी खोडलं ते तसंच ठेवलं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. यानंतर केलं तर ते खरं, आणि त्यात सयाजी दाजींचं कलम वाढलेलं असेल.

सही: मल्हार येडू व्हनमाने

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली, आणि आम्ही त्यांच्या डोळ्यांदेखत केली:
१. महेश्वर नरसय्या गड्डम, रा. सोलापूर
२. निंगप्पा शिवबसप्पा बिराजदार, रा. सोलापूर

ठिकाण सोलापूर, तारीख वर आहे तीच.

उद्या: मैंदर्गीला जाऊन शिवपुत्रचा अंक त्याच्या हातात देणे.